व्हिडिओ क्रमांक एकोणचाळीस

माझ्या भाचीला आम्ही घरात ‘सरकार’ म्हणतो, कारण कितीही अर्ज करा, उत्तर येत नाही. हे नाव मीच ठेवलं. तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती. हाक मारली तर वळून बघायची नाही, काही हवं असलं तर मागायची नाही, आणि रडायला लागली की नेमकं कशासाठी हे शोधायला सगळं घर कामाला लागायचं. डॉक्टरांनी तपासून स्वमग्नता आहे असं सांगितलं, तेव्हा माझा भाऊ दोन दिवस कारखान्यात गेला नाही. फर्निचर बनवतो तो. तिसऱ्या दिवशी गेला आणि एका कपाटाची दारं उलटी बसवून आला.

मी त्याची थोरली बहीण. तीस वर्षं कोर्टात लघुलेखक होते. साक्षीदार बोलतो, वकील बोलतात, न्यायाधीश बोलतात, आपण फक्त लिहायचं. कितीही धडधडीत खोटं कानावर पडलं तरी ब्र काढायचा नाही. निवृत्त झाल्यावर मी भावाकडे राहायला आले आणि त्या तीस वर्षांची भरपाई करायला लागले, असं त्याचं म्हणणं. खोटं नाही ते. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की घरात रेडिओ लावायची गरज पडत नाही.

तर या घरात भांडण कशावरून होतं ते सांगते. भावजय सरकारला घेऊन दर आठवड्याला एका उपचार केंद्रात जायची. तिथे मुलीला काही शिकवत नव्हते, शिकवत होते आईला. अडचण मुलीला आणि शिकवणी आईला! माझं डोकं तिथेच फिरलं. बरं, ती शिकून काय आली, तर जमिनीवर सरकारसमोर बसायचं आणि गप्प राहायचं. सरकार डब्याचं झाकण फिरवतेय, तर हिनंही एक झाकण घेऊन फिरवायचं. सरकार थांबली, की हिनंही थांबायचं. अर्धा अर्धा तास हे चालायचं, आणि मी स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता उकळत असायचे.

“अगं, बोल की तिच्याशी!” मी ओरडायचे. “तू गप्प, ती गप्प, मग पोरीच्या कानावर शब्द पडायचा कधी?”

“ताई, थांबायला सांगितलंय.”

“थांबून काय बस येणार आहे का?”

यावर ती आपलं झाकण फिरवत राहायची. मग मीच सुरी ठेवून मध्ये जाऊन बसायचे. भावाची स्टीलची मोजायची टेप सरकारची फार लाडकी. पट्टी बाहेर ओढली आणि सोडली, की ती सुर्रकन आत जाते, आणि त्या आवाजाला सरकार दोन्ही हात झटकत हसते. मी वीस वेळा टेप ओढायचे, वीस वेळा सोडायचे. “बघ कशी पळाली! परत करू? परत करू या!” सरकार हसायची, टेपकडे बघत. मला वाटायचं, पोर आईपेक्षा माझ्याजवळ जास्त खुलते. मनातल्या मनात मी याचा तोराही मिरवत होते, कबूल करते.

सहा भेटी झाल्या तेव्हा केंद्रातून विचारणा आली. पुढच्या सहा भेटी घेणार का? मागे मोठी रांग होती, नको असेल तर जागा दुसऱ्या मुलाला द्यायची होती. शुक्रवारपर्यंत कळवा म्हणाले. भावानं जेवताना मला विचारलं, “ताई, तुला काय वाटतं?”

उचलली जीभ लावली टाळ्याला. “सोडून दे,” मी म्हणाले. “दीड महिना नुसतं बसून घालवलाय. खरं शिकवणारा कुणीतरी शोध.”

भावानं मान डोलावली. भावजय उठली आणि एकच पातेलं किती तरी वेळ घासत राहिली. मला तेव्हाही काही वाटलं नाही.

आता निवृत्तीनंतर धरलेल्या माझ्या नोकरीचं सांगायला हवं. कारण माझी फजिती तिथे झाली. शहरातल्या एका संशोधन संस्थेला व्हिडिओ बघून नोंदी करणारी माणसं हवी होती. शब्द न् शब्द टिपायची सवय असलेली बाई म्हणून मला घेतलं. तीन महिने मी रोज चार तास एका छोट्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसत होते. प्रत्येक व्हिडिओ दहा मिनिटांचा. त्यात एक खोली, एक चटई, खेळण्यांचा खोका, एक मूल आणि त्याची आई किंवा बाप. शेजारच्या खोलीत हेच व्हिडिओ दुसरा माणूस बघायचा. तो पूर्वी फुटबॉलचा पंच होता, म्हणून त्याला सगळे पंचच म्हणायचे. आम्ही एकमेकांशी कामाबद्दल बोलायचं नाही, असा नियम. दोघांचे आकडे जुळले तरच ते खरे धरायचे.

आकडे कसले, तर मुख्यतः त्रिकोणाचे. मूल एखाद्या वस्तूकडे बघतं, मग माणसाच्या डोळ्यांत बघतं, मग परत वस्तूकडे. म्हणजे न बोलता विचारतं, ‘हे बघितलंस का?’ असं झालं की बटण दाबायचं. “बोलण्याच्या आधीची ही पायरी आहे,” असं आमच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. मॅडम म्हणजे या अभ्यासाच्या प्रमुख. वयानं माझ्या मुलीसारख्या, मला काकू म्हणायच्या, पण नियमाला पक्क्या. उपचार काय दिला ते आम्हाला सांगणार नाहीत. कुठला व्हिडिओ उपचाराआधीचा आणि कुठला चार महिन्यांनंतरचा, तेही नाही. सगळे पत्त्यांसारखे पिसून, नुसते क्रमांक टाकून दिलेले. “माहीत असलं की डोळे हवं ते बघतात,” त्या म्हणायच्या. “म्हणून अंदाजसुद्धा बांधायचे नाहीत.”

मी बांधले. गुपचूप एका वहीत प्रत्येक क्रमांकापुढे लिहीत गेले, हा आधीचा, हा नंतरचा. तीस वर्षं साक्षीदारांचे चेहरे बघितलेत मी, मला कोण फसवणार?

विशेषतः एक आई माझ्या मनात भरली होती. चौदा क्रमांकाच्या व्हिडिओत ती काय बोलत होती! “हे बघ बाळा, ही गाय! गाय कशी ओरडते? आणि हा चेंडू. चेंडू कुठल्या रंगाचा? लाल! शाब्बास!” एक क्षण रिकामा जाऊ देत नव्हती. तीच आई एकोणचाळीस क्रमांकात अगदी थंड. मुलगी एक चाक फिरवतेय, आणि ही गुडघ्यावर हात ठेवून नुसती बघतेय. मी वहीत लिहिलं, ‘चौदा, नंतरचा. आई सुधारली.’ आणि एकोणचाळीसपुढे लिहिलं, ‘आधीचा. बिचारी खचलेली दिसते.’

शुक्रवारच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, शेवटचे आकडे कुलूपबंद झाले, आता बदलता येणार नव्हते, आणि मॅडमनी कुठला क्रमांक आधीचा, कुठला नंतरचा ती यादी उघडली. अर्ध्या कुटुंबांना शिकवणी मिळाली होती, अर्ध्यांना आता मिळणार होती. नमुना म्हणून त्यांनी दोन व्हिडिओ शेजारी शेजारी लावले. नेमके चौदा आणि एकोणचाळीस.

“ही आई बघा,” मी न राहवून चौदाकडे बोट दाखवलं. “शिकवणीनंतर किती बदलली!”

मॅडम म्हणाल्या, “काकू, हा आधीचा आहे.”

“शक्यच नाही.”

“मुलीचे केस बघा की. एकोणचाळीसमध्ये चांगले चार बोटं लांब झालेत.”

खरंच झाले होते. मी दोन्ही व्हिडिओ दहा दहा मिनिटं डोळे फाडून बघितले होते आणि मला केस दिसले नव्हते. माझं सगळं लक्ष त्या आईच्या तोंडाकडे होतं, ते चालू आहे की बंद.

“तुम्ही अंदाज बांधलेत तर,” मॅडम म्हणाल्या. रागावल्या नाहीत. “आता तुमचेच आकडे बघा.”

चौदा क्रमांकात त्रिकोण दोन. एकोणचाळीसमध्ये सतरा. दोन्ही मीच नोंदवलेले. पंचांचेही जवळजवळ तेच, एकाचा फरक. म्हणजे माझी बोटं खरं सांगत होती आणि डोकं खोटी साक्ष देत होतं.

“या आईला तुम्ही शिकवलंत तरी काय?” मी विचारलं, पण उत्तर मला आधीच कळून चुकलं होतं.

“थांबायला,” मॅडम म्हणाल्या. “पूर्वी मुलांना टेबलाशी बसवून शब्द घोटून घ्यायचे. काहींना उपयोग व्हायचा, पण बरेचदा शब्द त्या खोलीतच राहायचे, घरी यायचे नाहीत. आता आम्ही उलटा प्रश्न विचारतो. मूल आधीपासूनच काही सांगतंय का? आणि ते सांगून व्हायच्या आधी आपण बोलून मोकळे होतो का?”

“म्हणजे मुलं बरी होतात?”

“आजार असेल तर बरं व्हायचं ना, काकू. ही घडणच वेगळी आहे. आणि काही मुलांमध्ये चार महिन्यांत काहीच फरक नाही पडला, तेही आम्ही लिहिणार. पण बऱ्याच जणांनी घरच्यांकडे बघायला सुरुवात केली. आणि आया कमी थकल्यात, हे आम्हालाही अपेक्षित नव्हतं.”

पंच माझ्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले, “माझेही अंदाज चुकले. मी फक्त लिहून ठेवले नाहीत.”

घरी येताना मी दोन थांबे आधीच उतरले आणि चालत आले. मला माझीच लाज वाटत होती. दीड महिना त्या मुलीनं, माझ्या भावजयीनं, जे कष्टानं मांडलं ते मी रोज जाऊन विस्कटलं होतं आणि वर तिलाच नावं ठेवली होती. घरात पाऊल टाकलं तेव्हा भाऊ चहा पीत होता.

“केंद्राला नको म्हणून कळवू नकोस,” मी चपला न काढताच म्हणाले. “पुढच्या सगळ्या भेटी घ्यायच्या. मी चुकले.”

त्यानं कप खाली ठेवला. “काय म्हणालीस? परत सांग, लिहून घेतो.” मग त्याचा चेहरा पडला. “पण ताई, मी तर सकाळीच फोन करून नको म्हणून सांगितलं.”

मी तिथेच बाकावर बसले. रांगेतलं पुढचं मूल कुणाचं तरी असणार, त्याच्याकडून जागा परत मागायची तरी कुठल्या तोंडानं?

भावजय आतून आली. हात पुसत अगदी शांतपणे म्हणाली, “आणि दहा मिनिटांनी मी फोन करून हो म्हणून सांगितलं. जागा आहे आपली. तुम्ही दोघं काय ते भांडत बसा.”

ही गप्प बसते म्हणजे हिचं काही म्हणणं नाही, असं मी धरून चालले होते. तीस वर्षांच्या अनुभवाचा हा असा उजेड. मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही.

“मला शिकवशील?” मी विचारलं.

“सोपं आहे,” ती म्हणाली. “फक्त तुम्हाला अवघड जाईल.”

अवघड म्हणजे किती! पहिल्या दिवशी मी टेप वीतभर ओढली, पट्टी अंगठ्यानं दाबून धरली आणि ओठ मिटले. मनात दहा आकडे मोजायचे होते. चारवर माझ्या तोंडून ‘सोडू?’ निघून गेलं. भावजयीनं नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी सहापर्यंत गेले. तिसऱ्या दिवशी दहा झाले, वीस झाले, आणि सरकार उठून निघून गेली. मी खट्टू झाले. “जाऊ दे तिला,” भावजय म्हणाली, “तिला नको असेल आज. नको म्हणणंही म्हणणंच आहे.” असे पंधरा-सोळा दिवस गेले. अंगठ्याला वळ पडला. भाऊ म्हणाला, घरात इतकी शांतता आहे की शेजारी चौकशी करून गेले.

सतराव्या की अठराव्या दिवशी, सकाळी, मी पट्टी ओढून बसले होते. सरकार पट्टीवरचे आकडे जवळून बघत होती. पट्टी हलेना. तिनं बोटानं ढकलून पाहिली. मी मोजणं सोडून दिलं होतं, नुसती बसले होते. तिनं माझ्या अंगठ्याकडे बघितलं. मग नजर वर आली, हाताच्या कडेनं, खांद्यापर्यंत, आणि माझ्या डोळ्यांत थांबली. एवढ्या जवळून तिचे डोळे मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यात तपकिरी ठिपके आहेत. मग तिनं परत टेपकडे बघितलं.

तीन महिन्यांत परक्यांच्या मुलांचे शेकडो त्रिकोण मी मोजले होते. घरात एकही मिळाला नव्हता. ती माझ्याकडे कधी काही मागत नव्हती, कारण मी तिला मागायला वेळच दिला नव्हता.

मी अंगठा उचलला. पट्टी सुर्रकन आत गेली. सरकार हात झटकत हसली, आणि या वेळी टेपकडे बघून नाही, माझ्याकडे बघून हसली. मग तिनं टेप उचलून माझ्या तळहातावर ठेवली आणि वाट बघत बसली.

भावजय दारात उभी होती. तिनं सगळं बघितलं होतं. डोळे पुसत म्हणाली, “ताई, आता बोललात तरी चालेल.”

पण सरकार वाट बघत होती. मी परत टेप ओढली.