विटेत उमटलेलं पाऊल

मित्रांनो, सौदी अरबस्तानातल्या हुफूफच्या खजुरीच्या बागा संपून वाळू सुरू होते, तिथलं मी एक म्हातारं टेकाड. डोंगरबिंगर समजू नका हं. मला माणसांनी घडवलं, तेही नकळत. मातीच्या विटांचं घर बांधायचं, ते पडलं की त्याच्यावरच दुसरं बांधायचं, असं हजारो वर्षं चाललं आणि मी उंच होत गेलो. तुमच्याकडे याला पांढरीचं टेकाड म्हणतात. माझ्या पोटात चुली आहेत, रांजण आहेत, खजुराच्या बिया आहेत. पुढे लोक निघून गेले आणि मला कोणी विचारेना. उंटांनी मात्र माझ्या सावलीत बसायचं सोडलं नाही.

मग जमिनीखालच्या तेलाला सोन्याचा भाव आला आणि सगळ्या मुलखाला घाई सुटली. रस्ते हवेत, कारखाने हवेत! रस्त्याला भराव लागतो, आणि माझ्याएवढी आयती माती कुठे मिळणार? सरकारी पाहणी व्हायची होती, पण ठेकेदाराला दम कुठला! त्यानं आधीच बुलडोझर लावला. तो चालवत होता रायगडकडचा जलाल.

गुरुवारी दुपारी त्यानं माझी कड कापली आणि एक अख्खी वीट गडगडत खाली आली. जलालनं यंत्र बंद केलं. विटेत एक इवलं पाऊल उमटलं होतं, पाचही बोटांसकट. वीट ओली असताना एक पोर तिच्यावरून दुडूदुडू गेली होती. मला आठवते ती, भारी खोडकर! आई तिला रागावली, पण पाऊल काही तिनं पुसलं नाही.

जलाल विटेपाशी उकिडवा बसला. "गुणाजी, माझी मुन्नी आता चालते म्हणं. मी तिला अजून बघितलीच नाय."

"म्हयन्यानं सुट्टीवर जानारच हायस की," रोलर चालवणारा साताऱ्याकडचा गुणाजी म्हणाला.

जलालनं वीट पंच्यात गुंडाळून कॅम्पवर नेली. शुक्रवारी सुट्टी होती, तर वीट घेऊन तो हुफूफच्या बाजारात गेला. कशाला, ते मला ठाऊक नव्हतं. माझी साक्ष गेली, एवढंच मला कळलं.

शनिवारी पाहणीला पुराणवस्तू खात्याचे साहेब आले. कापलेल्या कडेवर वाऱ्यानं वाळू ओघळली होती. त्यांनी घाईघाईनं नजर टाकली. "ही तर नुसती माती."

"यल्ला! चला, खलास करा!" ठेकेदाराचा माणूस लगेच ओरडला. मित्रांनो, मी मनातल्या मनात एकेका चुलीचा निरोप घेतला.

जलाल पुढे सरकला, तशी गुणाजीनं त्याची बाही धरली. "येडा का काय? चोरी केली म्हनतील. इकामा जाईल, हितं ऱ्हायचा परवाना काढून घेतील, घरी धाडतील."

"धाडू देत. कोणाचं तरी घर हाय ते. माझ्या हातून नाय पडायचं."

त्यानं बुलडोझरच्या सीटखालून वीट काढली, साहेबांपुढे धरली आणि मोडक्यातोडक्या अरबीत ती आपणच उचलल्याचं सांगून टाकलं.

"कुठे होती ही?" साहेबांचा आवाज चढला.

जलालनं हातानं वाळू सारली, वीट निसटलेली खाच शोधली आणि ती तिथे बसवली. शेजारी दुसरी वीट दिसली, तिच्या शेजारी तिसरी. भिंतच होती ती! साहेब कडक इस्त्रीच्या कपड्यांनिशी गुडघ्यांवर बसले.

"सुटी वीट मुकी असते, बाबा," ते हळूच म्हणाले. "जागेवर असली की घर दाखवते, घराचा काळ सांगते." मग वळून त्यांनी हुकूम सोडला, "काम बंद! रस्ता बाजूनं न्या." आणि पुन्हा जलालकडे पाहिलं. "पण नेलीस कशाला?"

जलालनं खिशातून इवल्याशा लाल चपला काढल्या आणि एक त्या पावलावर धरली. "लेकीचं माप ठाऊक नव्हतं, साहेब. ह्या पावलापेक्षा जरा मोठ्याच घेतल्या. मी पोचेपर्यंत वाढेल ती."

साहेबांनी त्या चपलेवरची वाळू झटकली आणि ती जलालच्या हातात परत दिली. चोरीची तक्रार कुठेच गेली नाही.

मित्रांनो, तुमच्या गावाबाहेरही माझं एखादं भावंड असेल. त्याची माती उपसू नका. तिथलं खापर, तिथला मणी जिथल्या तिथे राहू द्या. तिथे कोणाची तरी लेक चालायला शिकलेली असते.