वितळता न येणारी तार

मी तांब्याची तार बोलतेय. जाड, लालसर, बोटभर लांबीची. एका दुकानात मीटरखाली चिनी मातीचा पांढरा फ्यूज आहे, त्यात मला बसवलंय. दुकान इस्त्रीवाल्याचं. मागच्या खोलीत त्याचा संसार, बायको आणि एक मुलगी.

कारखान्यात मला ओढून ओढून लांब केलं, तरी मी तुटले नाही. वीज तर माझ्यातून अशी पळते की विचारू नका. याचा मला भारी तोरा होता.

माझ्या आधी इथे केसासारखी बारीक तार असायची. वीज जास्त झाली की ती वितळायची आणि काम ठप्प. दुसरी इस्त्री आल्यापासून तर हे रोजचंच झालं. गिऱ्हाईक दारात ताटकळत आणि इस्त्रीवाला स्टुलावर चढलेला. शेवटी तो वैतागला. पंपाच्या जोडणीतून उरलेली मी खिळ्यांच्या डब्यात पडून होते. मला पिळून बसवत तो बायकोला म्हणाला, "ही बघ, आता कायमची बसली. जळायचं नाव घेणार नाही."

मी फुशारले. आणि खरंच जळले नाही.

पण भिंतीतल्या तारेला दोन इस्त्र्यांचा भार सोसवेना. तिच्यावरचं प्लॅस्टिक मऊ पडू लागलं. त्या बारीक तारेचं कामच हे होतं, आधी आपण वितळायचं आणि वीज तोडायची. मला ते जमत नाही. ज्या गुणाचा तोरा मिरवला, त्याचीच आता भीती वाटते.

काल जळका वास सुटला. इस्त्रीवाल्याने धसक्याने एकेक शर्ट उलटापालटा करून पाहिला. डाग कुठेच नव्हता. "वाचलो बाबा," म्हणत तो पुन्हा कामाला लागला.

"अहो, ही भिंत तापलीय," बायको म्हणाली.

"इस्त्रीच्या दुकानात भिंत तापणार नाही तर काय गारठणार?"

आज बाहेर कडाक्याची थंडी आहे. दोन्ही इस्त्र्या चालू आहेत. मुलगी पुस्तक घेऊन आली आणि त्याच भिंतीला पाठ टेकून बसली.

"बाबा, इथे काय छान ऊब आहे."

तो हसला. मी मात्र सगळा जीव एकवटून वितळायला बघतेय, आणि नुसती गरम होतेय. कुणीतरी मला इथून काढा हो. ती बारीक तार परत आणा. पण आधी त्या पोरीला तिथून उठवा.