फर्स्ट पीस ओके

चाकणच्या कंपनीत मी तीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. तिथला कॉम्प्युटर माझ्या शिट्टीवर चालायचा, असं मी गल्लीत सांगायचो. शेजारच्या मैत्री नावाच्या मुलीने शिट्टी सोडून बाकी खरं मानलं आणि हिंजवडीच्या आयटी कंपनीतल्या मुलाखतीआधी प्रोग्रामिंगचं जाडजूड पुस्तक माझ्याकडे तपासायला आणलं. पहिल्या पानावरचा प्रोग्राम तिच्या लॅपटॉपवर चालला.

“फर्स्ट पीस ओके म्हणजे अख्खा लॉट ओके!” पहिला नग पास तर सगळा माल पास, हा कंपनीतला नियम मी ठोकून दिला.

महिनाभर तिने तेच पुस्तक घोकलं. मुलाखतीत तिची उत्तरं ऐकून साहेब हसले, “अहो, ही पद्धत कधीच बंद झाली!”

घरी येऊन तिने विचारलं, “काका, पुढची पानं तपासली होतीत ना?”

“सगळी.”

“मग मीच ढ.”