थांबता न येणारे चाक

मित्रांनो, आधी दोन पावले मागे सरका. मी पत्रा कापणाऱ्या यंत्राचे एक जुने चाक आहे आणि मला माझीच भीती वाटते.

ओतीव लोखंडाचे माझे वजन तीनशे किलो. माझ्या जोरावर पाते चालते, म्हणून तरुणपणी माझे कौतुकही फार झाले. पण वीज बंद केली तरी मी बराच वेळ फिरतच राहतो. याला जडत्व म्हणतात. त्यातून ट्यूबलाइटच्या नकळत लुकलुकणाऱ्या उजेडात एका ठरावीक वेगाला माझे आरे चक्क थांबलेले दिसतात. म्हणून फिटरकाका काठीला बांधलेला खडू आधी माझ्या कडेला टेकवत. रेघ उमटली, की हात लावायचा नाही. माझ्यावरची जाळी कोणीतरी केव्हाच काढून ठेवली होती.

एके दुपारी काकांची मुलगी डबा घेऊन आली. ती खगोलशास्त्र शिकते. मी रिकामाच फिरत होतो. तिने खडूची काठी उचलली आणि जमिनीवर ठिपके काढले.

"बाबा, हे दूरचे तारे. काही शास्त्रज्ञांना वाटतं, चाकाचं जडत्व या सगळ्यांमुळेच आहे. विश्वात दुसरं काही नसतंच, तर जडत्वही नसतं. अजून सिद्ध झालेलं नाही म्हणा."

"म्हणजे याला थांबवायला आता ताऱ्यांकडे अर्ज करू?" काका हसले.

मला हसू आले नाही. एवढे मोठे विश्व मला फिरवत ठेवत असेल, तर मी कोणाला विनवू?

तेवढ्यात मोटारीवरून मला फिरवणारा पट्टा घसरला. काकांनी स्विच बंद केला. थोड्या वेळाने आरे थांबलेले दिसले आणि पट्टा चढवायला फडके धरलेला त्यांचा हात पुढे आला. मी थांबायची किती धडपड केली! क्षणभरही थांबता येईना.

मुलीचे लक्ष हातातल्या काठीकडे गेले. "बाबा, खडू माझ्याकडे आहे!" ती किंचाळली.

काकांनी हात मागे घेतला. फडके मात्र मी ओढून नेले आणि त्याच्या चिंध्या केल्या. मुलगी रडत रडत त्यांची बोटे मोजत होती, पुन्हा पुन्हा. मी तेव्हाही फिरतच होतो.

मित्रांनो, माझी जाळी परत बसवा. स्विच बंद केलात, तरी मी थांबलो असे समजू नका. मला थांबता येत नाही, तुम्ही तेवढे थांबा.