नुसते ओठ

नववीच्या वर्गात माझी स्वतःची मुलगी बसते. घरी आई आणि शाळेत बाई, असा आमचा करार. तिनं तो कधी मोडला नाही. बाकीच्यांचं काही विचारू नका. मी आत गेले तरी कुणी उभं राहत नाही. एखाद्यानं जांभई देताना तोंडावर हात ठेवला तरी मी धन्य होते.

त्या दिवशी पहिल्या बाकावरच्या मुलाला प्रश्न विचारला. तो चक्क उठून उभा राहिला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती! त्यानं ओठ हलवले आणि तो खाली बसला. मला काही ऐकू आलं नाही. "पुन्हा सांग," म्हटलं. पुन्हा नुसते ओठ. शेजारच्या मुलीला उठवलं. तिचंही तेच.

माझे बाबाही शिक्षक. पन्नाशीत त्यांचे कान गेले आणि नोकरी सुटली. मीही पन्नाशीला टेकलेय, आणि घरात कमावणारी मी एकटीच.

त्या वर्गात माझं म्हणावं असं एकच माणूस होतं. "तू सांग गं," मी माझ्या मुलीला म्हणाले.

ती उठली. माझ्याकडे बघत तिनं ओठ हलवले. आवाज नाही.

माझ्या हातातलं डस्टर खाली पडलं. ते पडल्याचा आवाज मात्र मला स्वच्छ ऐकू आला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, तेही ऐकू आलं.

"सगळ्यांनी ठरवलं होतं, आई," घरी ती रडत म्हणाली. "मी एकटी बोलले असते तर उद्यापासून माझ्याशी कुणी बोललं नसतं. आधीच चमची म्हणतात मला."

तिला दोन ठेवून द्याव्यात असं वाटलं. पण ती खोटं बोलत नव्हती, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलं. शेजारच्या वर्गातून बातमी त्यांच्यापर्यंत गेली होती.

"उत्तराला कोण कोण उठलं होतं, नावं सांगा. एकेकाच्या हातात दाखला देते. कुणाचीही गय करणार नाही."

"मुलांनी काही केलं नाही हो," मी म्हणाले. "मलाच हल्ली नीट ऐकू येत नाही."

त्या खुर्ची पुढे ओढून, एकेक शब्द सुटा करत, माझ्याशी मोठमोठ्यानं बोलू लागल्या, "बाई, मग, तुमचे वर्ग, काढून घ्यावे लागतील."

मी मान हलवली.