सत्तेचाळीस नंबरचं झाड

त्या रस्त्यावरची दोनशे बारा झाडं मोजणीदाराने एकट्याने मोजली होती आणि त्याचा त्याला भारी तोरा होता. त्याच्या यादीवरूनच रस्ता संरक्षित ठरला; साध्या फांदीला हात लावायचा तरी तीन सह्या लागायच्या. मोजायची त्याची पद्धतही खास. आकडा चुकू नये म्हणून वर बघायचंच नाही. नुसता बुंधा बघायचा, नंबरपट्टी बांधायची आणि पुढे सरकायचं.

या पद्धतीनेच घात केला. सत्तेचाळीस नंबरची पट्टी त्याने बांधली ती वेलीने झाकलेल्या टेलिफोनच्या जुन्या लाकडी खांबाला. पुढे वेल वाळली, चूक उघडी पडली, पण तोवर खांब कागदोपत्री झाड झाला होता. आता तो बुडाशी कुजून नेमका मोजणीदाराच्या थोरल्या बहिणीच्या खिडकीकडे कलला होता.

"माझ्या डोक्यात पडल्यावर काढणार आहेस का?" ताई कडाडली. "खांब पाडणारे आले नि पट्टी बघून परत गेले. म्हणे, झाडाला आम्ही हात लावत नाही!"

"ताई, आठ महिन्यांत रिटायर होतोय गं. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

"नको सांगूस. माझ्या फोटोला हार घालायला ये."

हे त्याच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी त्याने साहेबांपुढे सगळं ओकून टाकलं. साहेबांचा चेहरा पडला. दरवर्षीच्या तपासणीत त्या झाडापुढे त्यांचीच सही होती: प्रकृती उत्तम, वाढ बेताची.

"अरे, रस्त्याच्या तोंडाशी दगडावर दोनशे बारा कोरलंय!" साहेब कळवळले.

"साहेब, दगड दुसरा मिळेल. ताई एकच आहे."

चूक आपली, असं त्याने लिहून दिलं. खांब उतरला. पण त्याचा स्वतःवरचा विश्वासच उडाला. ताईला सोबत घेऊन त्याने सगळा रस्ता पुन्हा मोजला. दोनशे अकरा. तो खाली मान घालून घराकडे वळला.

"आणि हे रे?" ताईने विचारलं.

कोपऱ्यावर एक अवाढव्य झाड उभं होतं. खोडाला पट्टीच नव्हती.

"हे होय? हे माझं डबा खायचं झाड," तो सहज म्हणाला, आणि मग त्याचा आ वासलेलाच राहिला.

"तीस वर्षं पाठ टेकलीस आणि मोजलं नाहीस?" ताई पोट धरून हसायला लागली.

त्याला मात्र भरून आलं. खोडावर हात ठेवून त्याने भर रस्त्यात झाडाची माफी मागितली.