फलकापुढची माणसं

मॉरिशसमध्ये, पोर्ट लुईतल्या हिशेबनीसांच्या संघटनेत नोकरीच्या जाहिराती फलकावर फुकट लावता येत. १९८४ साली तयार कपड्यांचे कारखाने भराभर निघाले आणि त्यांच्या कागदांखाली सभासदांच्या सूचना दिसेनाशा झाल्या. "यापुढे फक्त हिशेबाच्या नोकऱ्या," हा ठराव चिटणीस चंद्रावतीनंच मांडला आणि मंजूर करून घेतला.

शनिवारी सकाळी ती बाकीचे कागद काढायला गेली, तर फलकापुढचा व्हरांडा भरलेला. सें पिएर गावाकडच्या बाया बसनं आल्या होत्या. त्यांच्यातली एक तरुण मुलगी फ्रेंच जाहिरात वाचून क्रेओलमध्ये सांगत होती, मग सोबतच्या म्हाताऱ्यांसाठी मराठीत. एवढी गर्दी, पण कुणी हूं की चूं करत नव्हतं. आरती सुरू होण्याआधी देवळात असते तशी शांतता होती. चंद्रावतीच्या अंगावर काटा आला. रोज या फलकावरून जाताना तिला हे कधी दिसलंच नव्हतं.

"मादाम, हे काढणार काय?" मुलीनं तिला विचारलं.

"काढणार, आणि बाहेर रस्त्याकडच्या भिंतीवर लावणार. तिथं जागा मोठी आहे."

कमिटीला काय सांगायचं ते नंतर बघू, असं म्हणत ती पायरीवर बसली आणि शेवटच्या कागदापर्यंत ऐकत राहिली.